खोल बाजूची पेटी

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार-बिमस्कार लिहिलं तर तू पुढे वाचणार नाहीस, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. वाटाणा बरी आहे. जेवते, झोपते, न सांगता दात घासते. तुझ्या चार पानी सूचना मी स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवल्या आहेत. त्यात ‘पाणी’ हा शब्द नऊ वेळा आलाय. त्यांपैकी एकदाच पिण्याच्या पाण्याबद्दल आहे.

बारा वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस. मी या तलावावर पोहणं शिकवायला लागलो आणि तू तोंड फिरवलंस. आणि मग पंधरा दिवसांपूर्वी एकदम दारात तू, आठ वर्षांची पोर आणि एक पिशवी. आत ये म्हटलं तर म्हणालीस, ट्रक थांबलाय. खाणीच्या छावणीत दीडशे माणसांचा स्वयंपाक, वर्षभराचं काम, मुलांना वर नेता येत नाही आणि माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही, एवढं तू चौकटीत उभी राहूनच सांगितलंस. जाताना वाटाण्याला म्हणालीस, “मामाचं ऐक, पण पाण्याचं ऐकू नकोस.” हे माझ्यासमोर म्हणायची काही गरज नव्हती.

आता तुला हवं ते. शाळा तीनला सुटते, माझं काम सहाला संपतं, घरी तिला एकटं ठेवायचं नाही हा तुझाच नियम आहे. म्हणजे तीन तास ती तलावावरच असणार. पण ती बसते प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर, अगदी वरच्या. पाण्यापासून बावीस पायऱ्या. मी मोजल्यात. मांडीवर दप्तर घेऊन बसते, स्टेशनवर गाडीची वाट बघावी तशी.

बोलत मात्र नाही फारशी. तुला पत्र लिही म्हटलं, कागद दिला, पेन्सिलीला टोक करून दिलं. तासाभराने बघितलं तर कागद कोराच. पुढच्या खेपेला लिहील.

ट्रक पंधरा दिवसांनी येतो म्हणतात. डेपोत पत्र टाकतो.

तुझा भाऊ (हे तुला मान्य असेल तर)


१९ फेब्रुवारी

ताई,

दोन्ही पत्रं मिळाली, माझं आणि वाटाण्याचं. तिचं तिला वाचून दाखवलं. खूश झाली.

शाळेतून बोलावणं आलं होतं. तिच्या वर्गाच्या बाई चांगल्या वाटल्या, दमलेल्या पण चांगल्या. म्हणाल्या, “तिला सगळं येतं हो. वाचते, मनातल्या मनात हिशेब करते. पण वहीत एक ओळ लिहीत नाही. लिही म्हटलं तर विचारते, कुणासाठी?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“परीक्षेसाठी म्हटलं. दुसरं काय सांगणार?”

“आणि ती?”

“खिडकीबाहेर बघत बसली.”

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. कारण माझंही तेच रडगाणं आहे. नव्या तुकडीत वीस पोरं आहेत आणि वीसच्या वीस काठाची नळी सोडायला तयार नाहीत. घोरपडीसारखी चिकटून बसतात. शिट्टी फुंकून फुंकून माझे गाल दुखले. चॉकलेट ठेवलं, तर चॉकलेटपुरते चार हात मारतात आणि परत नळीवर. ओरडलो, तर ओरडण्यापुरतं. एका बापाने स्वतःच्या मुलाला पाण्यात ढकललं. तो मुलगा आता अंघोळीलाही रडतो म्हणे. मॅनेजर म्हणतात, “सर, महिना झाला, एकही पोर खोल बाजूला गेलं नाही.” जसं काही मी त्यांना बांधून ठेवलंय.

शेवटी मी एक केलं. पंपघरात हत्यारांची एक जुनी पत्र्याची पेटी पडून होती. तिच्यात शिशाचे दोन ठोकळे टाकले, कडी लावली आणि खोल बाजूला सोडून दिली. तिथे चार मीटर पाणी आहे. काठावरून बघितलं की पेटी दिसते, हलते, मोठी होते, लहान होते. दुसऱ्या दिवशी पोरं आली आणि सगळी काठावर ओणवी झाली.

“सर, ते काय आहे?”

“पेटी.”

“कुणाची?”

“जो वर आणेल त्याची.”

एवढंच. ताई, मी शपथेवर सांगतो, दहा मिनिटांत एक पोरगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, सर, तिथे जायचं तर आधी काय यायला लागतं? तरंगायला, म्हटलं. मग मला तरंगायला शिकवा. मी बारा वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य ऐकलं.

मला हे कुठून सुचलं ते विचारू नकोस. असंच सुचलं.


५ मार्च

ताई,

तुझा प्रश्न आधी. नाही, वाटाण्याच्या पायाचं बोटही ओलं झालेलं नाही.

बाकी इथे चमत्कार चाललाय. वीसपैकी चौदा पोरं तरंगतात. नऊ जणांना अर्धा तलाव पार करता येतो. मला काही करावंच लागत नाही. मी नुसता उभा असतो आणि ती येऊन विचारतात. डोकं आत घातल्यावर नाकात पाणी जाऊ नये म्हणून काय करायचं? श्वास किती वेळ धरता येतो? पाय कसे मारले की खाली जाता येतं? आयुष्यभर मी उत्तरं घेऊन पोरांच्या मागे धावत होतो आणि प्रश्न कुणाकडेच नव्हता. आधी प्रश्न पेरायला लागतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कळतंय. मॅनेजर तर इतके खूश आहेत की त्यांनी माझ्यासाठी खुर्ची आणली.

फक्त पंपवाले काका खूश नाहीत. पाण्याची यंत्रं तेच बघतात, पंचवीस वर्षं तिथेच आहेत, आणि त्यांचं नाक कायम वर असतं. काल म्हणाले, “मास्तर, पोरं पाण्याकडे बघत नाहीत. पेटीकडे बघतात.”

“मग बिघडलं काय?”

“पाण्याकडे बघणारा पोर पाण्याला जपतो. मी आपलं सांगितलं.”

म्हातारा आहे. सोडून दे.

हो, वाटाणा बोलली. रविवारी जेवताना, घास तोंडात असताना, एकदम. “मामा, पेटीत काय आहे?” इतक्या दिवसांतलं तिचं पहिलं पूर्ण वाक्य. मी इतका हरखलो की पटकन म्हणालो, “ज्याला जे हवं असेल ते.” तिने घास गिळला आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

ती आता वरच्या पायरीवर बसत नाही. खालून नववीवर बसते. तिथून नीट दिसतं म्हणते. काळजी करू नकोस, नऊ पायऱ्याही खूप असतात.


२० मार्च

ताई,

हे पत्र मी टाकणार नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. ट्रकवर ‘सर्व ठीक’ अशी दोन ओळींची चिठ्ठी गेली आहे.

आपल्या धाकट्या भावाची गोष्ट तू तिला कशाला लिहिलीस? आठ वर्षांच्या पोरीला? ‘तुझ्या मामाला एकदा एक मूल सांभाळायला दिलं होतं आणि त्याने सांभाळलं नाही.’ हे तू पहिल्याच पत्रात लिहिलंस. मी ते तिला वाचून दाखवायचं होतं? तिच्या तोंडासमोर बसून, तुझ्या त्या आवाजात?

तर मी तुझी पत्रं तिला दिलेली नाहीत. एकही नाही. ‘वाचून दाखवलं, खूश झाली’ हे सगळं मी बनवून लिहिलं. पहिलं दिलं नाही म्हणून दुसरं देता येईना, कारण दुसऱ्याची सुरुवातच ‘मागच्या पत्रात सांगितलं तसं’ अशी होती. आता माझ्या खणात तुझी सगळी पत्रं आहेत, तिची आणि माझी एकत्र, रबर लावून. ती विचारते, आईचं पत्र आलं का? मी म्हणतो, ट्रक रिकामाच आला. ती मान डोलावते. पण डेपो शाळेच्या रस्त्यावरच आहे, आणि ट्रकवरून पत्रांची पिशवी उतरताना कुणालाही दिसते.


४ एप्रिल

ताई,

मागचं खणातच आहे. हेही तिथेच जाईल. पण कुठेतरी लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

वाटाणा पाण्यात उतरते. मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून. तुझ्या प्रश्नाला मी ‘नाही’ लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी ती गुडघाभर पाण्यात उभी होती.

मी तिला बोलावलं नव्हतं. ती स्वतः आली. पायऱ्या उतरली, दप्तर खुर्चीवर ठेवलं, बूट काढले, मोजे बुटांत कोंबले आणि माझ्यासमोर उभी राहिली. “आधी तरंगायला लागतं ना?” मी काय करायला हवं होतं? परत वर पाठवायला हवं होतं, मला माहीत आहे. पण ताई, शाळेत जी पोर पेन्सिल हातात धरत नाही ती माझ्याकडे येऊन म्हणते, शिकव. तू तिथे असतीस तर तूही हललीच असतीस.

आणि खरं सांगू? मला हवंच होतं. आपला धाकटा पोहता येत नव्हतं म्हणून गेला. तू त्यातून शिकलीस की पाण्याजवळ जायचंच नाही. मी शिकलो की प्रत्येक पोराला पोहता आलंच पाहिजे. तो गेल्यावर सहा महिन्यांत मी पोहायला शिकलो, कुणी न शिकवता, तो बुडाला त्याच खड्ड्यात. भीतीने माणूस फार पटकन शिकतो. पण ती शिकवण झोपू देत नाही, हेही मलाच माहीत आहे. म्हणून पोरांनी भीतीने नाही, हौसेने शिकावं असं मला वाटायचं.

ती तीन दिवसांत तरंगली. आठवड्यात डोळे उघडे ठेवून पाण्याखाली राहायला लागली. इतक्या झपाट्याने शिकलेलं पोर मी बघितलं नाही. बाकीच्या पोरांना आता कंटाळा यायला लागलाय, दोघा-तिघांनी पेटीला हात लावून बघितला, फार जड आहे म्हणून सोडून दिली, आता ती एकमेकांवर पाणी उडवण्यात खूश असतात. आपोआप पोहतात. वाटाणा खेळत नाही. खाली जाते, वर येते, दम घेते, परत खाली जाते. चेहऱ्यावर हसू नाही. कामावर आल्यासारखी येते.

मी म्हटलं हुशार आहे, चिकाटी आहे, आईवर गेली. काल पंपवाल्या काकांनी मला पंपघरात नेलं आणि दार लावून घेतलं.

“मास्तर, तुमची भाची माझ्याकडून दोरीची गाठ शिकून गेली. ओल्या हाताने न सुटणारी.”

“बरं मग?”

“मी विचारलं, काय करणार पेटीचं? म्हणाली, आईची पत्रं आहेत तिच्यात. मामाने लपवलीत. मामा म्हणाला, ज्याला जे हवं ते आहे.”

मी हसायला गेलो. काका हसले नाहीत. म्हणाले, “आजच्या आज काढा ती पेटी वर.”

काढायलाच हवी. पण मॅनेजरांनी शनिवारी पालकांना बोलावलंय, पोरांची प्रगती दाखवायला. शनिवारनंतर काढतो.


१८ एप्रिल

ताई,

शनिवारनंतर काढतो म्हटलं होतं. ती त्याआधीच वर आली.

शुक्रवारी साडेपाचला तुकडी सुटली. मी कपडे बदलण्याच्या खोल्या बघायला गेलो होतो, कुणाचा टॉवेल राहिलाय का वगैरे. परत आलो तर खोल बाजूला दोरीचं एक टोक शिडीला बांधलेलं आणि दुसरं टोक पाण्यात गेलेलं. वर कुणी नाही. शिट्टी माझ्या गळ्यात होती आणि मी ती वाजवली, ताई. पाण्याखालच्या पोरीला शिट्टी वाजवून बोलावलं. बुद्धी अशी जाते. मग उडी मारली. मी अर्ध्यात होतो तेव्हा ती माझ्या शेजारून वर गेली, डोळे उघडे, माझ्याकडे बघत.

ती सुखरूप आहे. हे मी आधी लिहायला हवं होतं.

पेटी तिने आणि काकांनी दोरीने ओढून काढली. मी काठावर धापा टाकत बसलो होतो. कडी गंजली होती, तिने ती दगडाने ठोकून उघडली. आत पाणी आणि शिशाचे दोन ठोकळे. तिने ठोकळे बाहेर काढून नीट बाजूला ठेवले. मग हात घालून चारही कोपरे चाचपले. परत एकदा चाचपले.

“पत्रं कुठेत?”

“यात नव्हतीच, बाळा.”

“मग तू का म्हणालास?”

“सगळ्यांनी शिकावं म्हणून.”

रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. ती म्हणाली, “मी शिकले. आता दे.”

घरी येऊन मी खण उघडला आणि रबर लावलेला गठ्ठा तसाच तिच्या हातात ठेवला. मी पत्रं वेगळी करत बसलो नाही. ती खिडकीत बसून अंधार होईपर्यंत वाचत होती. धाकट्याबद्दलचंही वाचलं असणार.

म्हणून मीच तुला सांगतो. बत्तीस वर्षं उशीर झालाय.

त्या दिवशी तू मला म्हणाली होतीस, तासभर धाकट्याला बघ. मी चौदा वर्षांचा होतो, पोरं बोलवायला आली होती, आणि तो सात वर्षांचा, शेपटासारखा मागे. वीटभट्टीमागच्या त्या खड्ड्यापाशी मी त्याला बसवलं आणि सांगितलं, तळाशी एक पेटी आहे. अजिबात न हलता बघत राहिलास की दिसते. त्याने विचारलं, पेटीत काय आहे? मी म्हटलं, तुला जे हवं ते. मला वाटलं, तासभर बसेल. तो बसायचाच, तुला माहीत आहे, मुंग्यांकडे बघत तासन्‌तास बसायचा.

पाय घसरला असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. त्याचे बूट काठावर शेजारी शेजारी काढून ठेवलेले होते आणि मोजे आत कोंबलेले. ते मी उचलून पाण्यात फेकले, तू यायच्या आधी.

मी लक्ष दिलं नाही म्हणून तू मला दोष देतेस. दोष त्याहून मोठा आहे. आणि तीच थाप मी परत एकदा पत्र्याची करून तलावात सोडली, कारण ती लागू पडते हे मला पक्कं माहीत होतं.


३ मे

ताई,

आजचं हे आणि मागची तीन, अशी सगळी पत्रं एकाच पाकिटात पाठवतोय. क्रमाने वाच. पण आधी हे वाच.

गेल्या आठवड्यात शाळेतल्या बाई मला रस्त्यात भेटल्या आणि हात जोडायच्याच बाकी राहिल्या. “काय केलंत तुम्ही? पानंच्या पानं लिहिते! कालचा निबंध पाच पानी होता. शब्द अडला की येऊन विचारते.” मला वाटलं, सुटलो. पत्रं वाचली, मन मोकळं झालं, आता तिला लिहायला कुणीतरी आहे. ‘कुणासाठी’ याचं उत्तर मिळालं. इतकी साधी गोष्ट होती आणि आपण सगळे परीक्षा-परीक्षा करत बसलो. मी बाईंना हे बोलूनही दाखवलं, मोठ्या शहाण्यासारखं.

बाई म्हणाल्या, “फक्त एक आहे. मध्येच ती श्वास रोखून बसते. घड्याळाकडे बघत. ओठ निळे पडायला लागतात. मी हाक मारली की हात वर करते, थांबा म्हणून.”

मी घरी विचारलं तर म्हणाली, सराव. पेटी वर आली तरी तिचं पाण्यात उतरणं मी बंद केलं नव्हतं.

परवा तिने माझ्या हातात एक पाकीट दिलं, चिकटवलेलं, वर छावणीचा पत्ता सुवाच्य अक्षरात. “ट्रकवर दे. उघडू नकोस.” मी उघडलं. सवय लागलीय. ते सोबत आहे, पण वाटेत हरवलं तर म्हणून इथे उतरवून देतो. तिचं पहिलं पत्र आहे, ताई, आणि एकही खाडाखोड नाही.

‘प्रिय आई, तू मामाला लिहिलं होतंस की मी पाण्यात उतरले असं कळलं तर तू त्याच दिवशी काम टाकून येशील आणि मला घेऊन जाशील. मी सदतीस दिवस उतरले. तू आली नाहीस. मामाने तुला सांगितलं नसेल, तो सांगत नाही. म्हणून मी लिहायला शिकले. आता मी चार मीटर खाली जाऊन पंचेचाळीस सेकंद थांबते. जास्त वेळ थांबले तर तू जास्त लवकर येशील असं मला वाटतं. मी रोज दोन सेकंद वाढवते. तू आलीस की थांबेन. तुझी वाटाणा.’

तुझ्या कितव्या पत्रात ते वाक्य आहे ते मी शोधून काढलं. मार्चमधलं, माझ्या नावाचं. तू रागाने लिहिलं होतंस. मी ते वाचून खणात टाकलं होतं आणि विसरलो होतो. गठ्ठा देताना तिच्या आणि माझ्या नावाची पत्रं मी वेगळी केली नाहीत. तिला सगळ्या पत्रांत कामाचं एवढं एकच वाक्य सापडलं.

मी तलावावरची नोकरी सोडली. काकांनी खोल बाजू रिकामी केली, मॅनेजर ओरडत असताना. रिकाम्या तलावाच्या तळाला फरशा किती मळक्या असतात ते पहिल्यांदा दिसलं. वाटाण्यानेही येऊन बघितलं आणि घरी आली. पण तलाव रिकामा करता येतो, तिला जे आलंय ते काढून घेता येत नाही. मी तेच तर करत आलो, बारा वर्षं, पोरांना असं काही द्यायचं की जे परत काढून घेता येणार नाही.

डेपोत गेलो होतो. छावणीला बिनतारी संदेश पाठवता येतो, पण फक्त अपघात झाला तर.

“अपघात झालाय?” तिथल्या माणसाने विचारलं.

“अजून नाही.”

“मग पत्र टाका.”

पत्र तुला मिळायला चार दिवस, आणि तू खाली येणार पुढच्या ट्रकने. म्हणजे जवळजवळ तीन आठवडे. दिवसाला दोन सेकंद. हिशेब तू कर, मला होत नाही. ट्रकची वाट बघू नकोस. चालत ये, कुणाच्या पाया पड, काहीही कर.

मी तिला क्षणभर नजरेआड होऊ देत नाही. शाळेच्या फाटकाबाहेर उभा असतो. घरातल्या बादल्या शेजारी नेऊन दिल्या, न्हाणीघराची कडी काढली. त्याचा काही उपयोग नाही, श्वास रोखायला पाणी लागतच नाही. ती खुर्चीत बसून करते, जेवताना घास हातात धरून करते. मी समोर बसतो आणि तिच्या छातीकडे बघत राहतो.

आत्ताही समोरच बसलीय, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. मी मध्येच पेन खाली ठेवून तिला म्हटलं, “पुरे आता. आई येतेय.”

तिने श्वास सोडला. गालांवर रंग परत यायला थोडा वेळ लागला.

“पत्र आलं?”

“पत्र नाही. मी सांगतो ना.”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. बाईंना शब्द विचारताना बघत असेल तशी, शांतपणे, माझ्याकडे उत्तर आहे की नाही याचा अंदाज घेत.

“म्हणजे नाही निघाली,” ती म्हणाली. “मग मला अजून शिकायला लागेल.”

आणि तिने छाती भरून श्वास घेतला.